चुलीतल्या कोरड्या ढलप्या

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची चूल आहे. ऑरिनला आपली बायको एल्विना मेल्याचं कळलं, त्या दिवशी मी गारठलेली होते आणि ती माझ्याच पुढ्यात बसलेली होती. नदीच्या बर्फावर चढलेल्या पाण्यात तिचे पाय भिजले होते. ते गुडघ्यापर्यंत गोठले होते. हातमोजे काढलेले, समोर काडेपेटीच्या जळून गेलेल्या चौदा काड्या. तिने नदीपलीकडून आणलेलं पीठ दारातच होतं.

किनाऱ्यावरच्या लोहाराने मला घडवलं. ऑरिनचा भागीदार सायलस याने मला पाठीवर बांधून घाट चढवला. दोन हिवाळे मी तिघांचे पावटे शिजवले, ओले मोजे वाळवले. "ऑरिन, तुझ्या बायकोपेक्षा ही बरी. तापते, पण शिव्या देत नाही," सायलस म्हणायचा. एल्विना त्याच्यावर पळी उगारायची आणि मग त्यालाच जास्त वाढायची.

आमच्याकडे खोपटाला कुलूप नसतं. निघणाऱ्याने चुलीत लाकडाच्या कोरड्या ढलप्या रचून जायचं. मागून येणाऱ्याच्या बोटांत कुऱ्हाड धरायची ताकद असेलच असं नाही.

दोघे भागीदार परतले तेव्हा माझ्या पोटात नुसती राख होती.

"ढलप्या कुणी रचायच्या होत्या?" ऑरिनने विचारलं.

"मी. आणि रचल्या होत्या, बाबा," सायलस म्हणाला.

"खोटारड्या! चूल रिकामी आहे!"

"अरे, पण तूच वाटेतून मागे फिरून..."

कुऱ्हाडीचा दांडा सायलसच्या जबड्यावर बसला. दुसरा घाव वर केलेल्या हातावर. हाड मोडल्याचं मी ऐकलं. ऑरिनने त्याचं डोकं धरून माझ्या कोपऱ्यावर आपटलं. तो पोचा अजून आहे. माझं धुराडं कोसळलं.

"मारशील रे मला!"

"मर!"

सायलसला त्याने फरफटत बाहेर टाकलं. तो दात थुंकत, अडखळत नदीकडे गेला.

ऑरिन धापा टाकत धुराडं उचलायला वाकला. तिथे त्याचीच किटली पडली होती, आत गोठलेला चहा. पलीकडच्या ओढ्यात सोनं लागल्याची बातमी आली, तेव्हा दोघे धावत निघाले होते. माती धुवायचं घमेलं विसरलं म्हणून वाटेतून ऑरिन एकटा परतला होता. सायलसने रचलेल्या ढलप्यांवर त्याने चहा केला होता. मग घाईत नव्या न रचता तसाच निघून गेला होता.

तो बोडक्या डोक्याने बाहेर धावला. रक्ताचे थेंब नदीपर्यंत होते. पुढचा माग वाऱ्याने पुसला होता.

बर्फ वितळून जमीन मऊ झाल्यावर त्याने एल्विनाला पुरलं. पुढे जगला तोवर खोपटातून निघताना तो दर वेळी ढलप्या रचायचा, दोनदा हात घालून बघायचा. मित्रांनो, तुम्हीही निघताना मागून येणाऱ्याची सोय करून जा.

सायलस पुन्हा कधी दिसला नाही; त्याची माफी मागायची ऑरिनची राहिली ती राहिलीच.