बोळातला पुदिना

ही गोष्ट कुणाला पटणार नाही. पटलीच, तर सांगणाऱ्याच्या तोंडून चुकून कुठंतरी खरं निघून गेलं असं समजावं आणि पारावरच्या या म्हाताऱ्याला माफ करावं.

दोन घरं होती आणि मधे एक मातीचा बोळ. एका घरात गावाचे कपडे शिवणारी वहिनी, नवऱ्यामागं एकटी. समोरच्या घरात तिचा धाकटा दीर, मापाडी. बाजारात धान्य मोजून द्यायचा. दोन्ही दारं बोळात उघडायची आणि बोळ सामाईक होता. कपडे टाकायला येणारं गिऱ्हाईक बोळातूनच येणार. म्हणजे बोळ गेला की वहिनीचं दार गेलं, आणि दार गेलं की मशीनवर गोधडी टाकून बसायचं.

मापाड्याला तो बोळ बैलगाडी उभी करायला हवा होता. बैल नव्हते, गाडीही नव्हती. पण आधी जागा तरी होऊ दे, असं त्याचं म्हणणं. गाडी उभी राहिल्यावर आपण घरात कुठून शिरायचं, हा विचार त्यानं पुढं ढकलला होता.

गावाची रीत सरळ होती. सामाईक जागेत ज्याच्या पाण्यावर झाड जगेल, जागा त्याची. मापाड्यानं बाजारातून पुदिन्याची जुडी आणली, खालची पानं खुडली आणि काड्या पाण्याच्या पेल्यात घालून खिडकीत ठेवल्या. पांढऱ्या मुळ्या फुटल्या तसा तो खुरपं घेऊन बोळात बसला.

"भावोजी, कुंडीत लावा हो," वहिनी मशीन न थांबवता म्हणाली. "पुदिना जमिनीत घातला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"कुंडीत लावला तर कुंडीएवढीच जागा मिळेल मला!"

"मग झाड तरी लावा, आंब्याबिंब्याचं."

"तो वाढेस्तोवर मी राहतो का? आणि वहिनी, उद्यापासून जरा बघून चाला. माझ्या रोपांवर पाय नको."

रोज संध्याकाळी तो तांब्या घेऊन चार माणसांदेखत पाणी घालायचा. घालून झालं की खाकरायचा, म्हणजे ज्यांनी बघितलं नाही तेही बघायचे. पुदिना मातीखालून धावत सुटला. गिऱ्हाइकं आधी चवड्यांवर आली, मग उड्या मारत आली, मग येईनाशी झाली. "तुझ्या दिराची शिवी खाऊन कोण सदरा शिवणार?" असं शेजारणीनं तोंडावर सांगितलं. वहिनीचं मशीन दुपारचं गप्प राहायला लागलं.

पुदिना मात्र गप्प नव्हता. तो उंबऱ्याखालून वहिनीच्या घरात शिरला आणि मशीनच्या पायडलापाशी वर आला. एका सदऱ्याच्या शिवणीत त्याची एक काडी शिवली गेली. तो सदरा घालून माणूस पावसात भिजला, तर कॉलरला पालवी फुटली. त्याची बायको अजून वाटणाला तिथूनच पानं खुडते.

सुगी आली. मापाडी घराला कुलूप लावून बायकोसकट गावोगावच्या खळ्यांवर मापाला गेला. ऊन असं पडलं की मातीला चिरा गेल्या आणि पुदिन्यानं माना टाकल्या.

"मरू दे मेल्याला," शेजारीण म्हणाली. "सुटलीस बघ."

"हा मेला तर भावोजी दुसरं काही लावतील," वहिनी म्हणाली. "तांब्या दे इकडं."

तांदूळ धुतलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी, जे उरेल ते तिनं बोळात ओतलं. भर उन्हात पोत्याची सावली धरली. शेंडे खुडले की फांद्या दुप्पट फुटतात, म्हणून शिवणाच्या कात्रीनंच शेंडे खुडले; फुलं धरायच्या आत उडवली. सगळं दिवसाढवळ्या, चार माणसांदेखत. खाकरायलाही ती विसरली नाही.

मापाडी परतला. कुलूप निघालं, पण दार हलेना. आतून पुदिन्यानं रेटून धरलेलं. चौघांनी खांदा लावला तेव्हा उघडलं. चूल हिरवी, तराजू हिरवा, आणि पलंगावर उशीला डोकं टेकून पुदिना आडवा.

"माझा आहे तो!" मापाडी ओरडला. "मी लावलाय!"

पंचांनी बोळात उकिडवं बसून एक मुळी उपटून पाहिली. ती संपेना. इकडून ओढली की वहिनीच्या घरातला पुदिना हलायचा, तिकडून ओढली की पलंगावरचा कूस बदलायचा.

"लावलास तू," पंच म्हणाले. "पण सुगीभर कुणाच्या पाण्यावर जगला?"

मापाडी वहिनीकडं बघायला लागला. वहिनी सुईत दोरा ओवत होती.

"सगळं एकच झाड आहे," पंचांनी सांगितलं, "तेव्हा ते उभं आहे तेवढी जागा बाईची."

अशा रीतीनं बोळ वहिनीचा झाला, आणि मापाड्याचं घर, चूल, पलंग, सगळंच वहिनीच्या नावावर गेलं. तेव्हापासून बोळात पाऊल टाकायची बंदी असल्यामुळं बिचारा मापाडी मागच्या खिडकीतून आत-बाहेर करतो. जाडजूड माणूस, पण करणार काय? परवाच त्याला खिडकीत अडकलेला…

"खोटं!"

पाराच्या मागून आवाज आला. मापाडीच होता; मघापासून बसून ऐकत होता.

"साफ खोटं बोलतोय हा म्हातारा. खिडकीतून मी एकदासुद्धा गेलेलो नाही. रोज बोळातूनच जातो, छाती काढून. वहिनी जाऊ देतात." तो धोतर झटकत उठला. "हातातला तांब्या तेवढा बाहेर ठेवायला लावतात."