विरघळत्या दरडीखाली

रजा मिळाली की माणूस नागपूरला जातो, आईच्या हातचं खातो, झालंच तर चार स्थळं बघून येतो. सिद्धेशने शॉमबर्ग गावातल्या ऑफिसातून रजा काढली आणि गेला कुठे, तर अलास्काच्या पार उत्तरेला, डासांना रक्त पाजायला!

आश्लेषाचा, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, फोनच तसा आला होता. तिची कामातली जोडीदारीण पाय मुरगळून घरी बसली होती, आणि संशोधनाच्या कॅम्पचा नियम असा की एकट्या माणसाने ओढ्यावर जायचं नाही. दुसरं कुणी मिळालं नाही तर २००७चा सगळा उन्हाळा कॅन्सल. "सिद्धू, येतोस का रे?" एवढंच ती म्हणाली. पठ्ठ्याने तिकीट काढूनच परत फोन केला.

तिचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. तिकडची जमीन हजारो वर्षं गोठलेली. पर्माफ्रॉस्ट म्हणतात तिला. जुनी पानं, मुळं, शेवाळ असं सगळं त्यात न कुजता पडून आहे, फ्रीजरच्या तळाशी विसरलेल्या भाजीसारखं. आता ती जमीन वितळायला लागली होती, टेकड्यांच्या कडा पाघळून खाली सरकत होत्या आणि त्यातला कार्बन ओढ्यांत उतरत होता. किती उतरतो, ते आश्लेषाला मोजायचं होतं. पण एरवी ओढ्यातून जातो तो किरकोळ. खरा माल जातो पावसाचा लोंढा येतो तेव्हा, आणि तोही लोंढा चढत असताना. नेमका तोच तिला दोन वर्षं चकवत होता. एकदा यंत्राच्या नळीत गाळ बसला, एकदा पाऊस झाला तेव्हा ही बाई फेअरबँक्सला मीटिंगमध्ये. हा शेवटचा उन्हाळा. लोंढ्याचं पाणी मिळालं नाही तर पीएचडीत लिहायचं काय, कपाळ?

म्हणून तर बाटल्यांचं सोवळं इतकं कडक, की देवघराचंही नसेल. काचेच्या त्या बाटल्या भट्टीत भाजून आणलेल्या. तोंडाला बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या तेलातही कार्बन. डासांचं औषध लावायचं नाही. आईने पाठवलेला चिवडा खाल्ला की हात धुऊन वर ग्लोव्ह्ज घालायचे. आणि बाटल्यांची क्रेट खाली टेकवायची नाही, काय वाट्टेल ते झालं तरी.

"चिखल लागला की संपलं, सिद्धू. कळलं?"

"कळलं ग ताई. सकाळपासून दहाव्यांदा कळलं."

त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. दुपारपर्यंत ओढा चहाच्या रंगाचा झाला आणि चढायला लागला. काठावरचं यंत्र आपलं आपण पाणी उपसून बाटल्या भरत होतं. सिद्धेश जरा खाली उभा होता, आश्लेषा वरच्या अंगाला पाण्याची उंची बघत होती आणि तिचा आनंद पोटात मावत नव्हता. मिळाला! तिसऱ्या वर्षी का होईना, लोंढा मिळाला!

तेवढ्यात यंत्राच्या वरची दरड हलली. दरड म्हणजे टेकडीचा तुटलेला कडा. वर ओल्या शेवाळाची गोधडी लोंबतेय, खाली काळा बर्फ उघडा पडलाय आणि पायथ्याशी वितळून आलेल्या मातीचं पटांगण. वरून एक मोठं ढेकूळ सुटलं, ओढ्यात पडलं आणि पाणी उसळून यंत्र कलंडलं.

"सिद्धू, बाटल्यांना झाकणं लाव आणि क्रेट उचल!" ती ओरडली. "वळसा नको घालूस, त्या मातीच्या मधून जा! मधून!"

चार दिवसांपूर्वी ती स्वतः त्या मातीवरून चालत गेली होती. टणक होती. पण पावसाने काय केलं असेल याचा विचार, लोंढे मोजणाऱ्या या विदुषीच्या डोक्यात आला नाही.

जाताना सिद्धेशला त्या मातीने तोलून धरलं. येताना हातात भरलेली क्रेट होती. वरचा पापुद्रा फुटला, आत सगळी खीर! एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला दुसरा रेटला, तर तोही गेला.

"ताई, अडकलो यार."

"हलू नकोस! आले मी!"

ती धावत कडेच्या घट्ट गवतापर्यंत आली. तोवर तो मांडीपर्यंत आत गेला होता, आणि हा शहाणा क्रेट डोक्यावर धरून उभा. दोन्ही हात वर. हात टेकून जरा आडवा झाला असता तर इतका रुतला नसता. पण टेकवायची नाही म्हणजे नाही! ताईचा शब्द. त्याच्या डोक्यावर ती शेवाळाची गोधडी थेंब थेंब गळत होती.

"घे," तो म्हणाला आणि क्रेट पुढे केली.

आश्लेषा पोटावर पालथी झाली, हात लांबवला आणि क्रेट घेतली. उठली, पाठ फिरवली आणि चढावर गेली. वर एक सपाट खडक होता, त्यावर क्रेट ठेवली. एक झाकण तिरकं दिसलं, ते घट्ट केलं. मग शेजारचं तपासलं. मग त्याच्या शेजारचं.

"ताई!"

तिने झाकण सोडलं. मागे वळून बघते तो दरडीचा आणखी एक तुकडा खाली आलेला, चिखल पुढे रेटला गेलेला आणि सिद्धेश छातीपर्यंत आत. त्याचे ओठ निळे पडले होते. चिखल कसला, वितळलेला बर्फच तो.

काहीतरी रुंद, सपाट हवं होतं. झोपायच्या मॅट तंबूत, तंबू टेकडीपलीकडे. जाऊन येईपर्यंत हा राहील का? तिने चहूकडे पाहिलं. फळी नाही, झाड नाही. त्या मुलखात झाड कुठलं? सपाट अशी एकच वस्तू होती, आणि ती तिने आत्ताच खडकावर ठेवली होती.

तिने क्रेट उलटी केली. बाटल्या ओल्या उतारावरून गडगडत गेल्या, काही दगडांवर फुटल्या, उरलेल्या ओढ्यात. तिने बघितलंही नाही. धावत खाली आली, रिकामी क्रेट पालथी करून त्याच्या पुढ्यात चिखलावर सरकवली.

"कोपरं ठेव यावर. भार सगळा पुढे. पाय वर ओढू नकोस, नुसता हलव, पाणी शिरू दे आत."

"ताई, बाटल्या..."

"मसणात गेल्या बाटल्या! पाय हलव!"

तिने स्वतःचा रेनकोट काढून त्याच्याकडे फेकला, एक बाही त्याने मनगटाला गुंडाळली, दुसरी तिने. ओढ, थांब, ओढ, थांब. चिखल सोडायला तयार नव्हता. वर कुठेतरी बर्फ कडाडला. "देवा, याला सोड रे," ती मोठमोठ्याने म्हणत होती, आणि देवाला एरवी ती फोनसुद्धा करत नसे. शेवटी एक पाय सुटला, बूट आत ठेवून. मग दुसरा. तो गवतावर येऊन पडला, तिने काखेत हात घालून फरफटत त्याला चढावर नेलं, आणि मागे अख्खा कडा खाली बसला. क्रेट गेली, यंत्र गेलं, नुसता काळा रबरबाट उरला.

दोघं खडकाला टेकून बसली. सिद्धेशचे दात वाजत होते.

"सॉरी ताई. तुझं सगळं गेलं."

आश्लेषाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला रडू फुटलं. "गाढवा, सॉरी काय म्हणतोस? मी आधी क्रेट घेतली, सिद्धू. तुझा हात नाही धरला."

"मीच तर दिली ना तुला."

तो हसला. मग हसत हसतच म्हणाला, "पण तू पाठ फिरवून वर गेलीस ना, तेव्हा मला खरंच वाटलं, आता तू येत नाहीस."

असं कसं वाटलं रे तुला, मी तुझी सख्खी बहीण, असं काहीतरी तिने म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण झाकणं तपासत होती तेवढा वेळ हा मुलगा तिच्या डोक्यातच नव्हता. हे तिला ठाऊक होतं, आणि ते त्यालाही कळलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने आपले बूट काढले, मोजे काढले, आणि त्याच्यासमोर बसून ते त्याच्या गारठलेल्या पायांत चढवायला लागली.