डाव्या हाताची कात्री

मी कात्री बोलतेय. दुधाच्या पिशव्या फोडणारी नव्हे हं. कापड कापणारी, वीतभर पात्यांची, आणि वर डावखुरी. माझी पाती उलटी बसवलेली आहेत. उजव्या हाताने मला चालवून बघा, कापड चावल्यासारखं होईल आणि तुम्ही मलाच नावं ठेवाल.

माझी मालकीण डावखुरी. तिच्या वडिलांनी लोहाराच्या डोक्यावर बसून मला घडवून घेतलं आणि तिच्या हातात देताना बजावलं, "पोरी, हिने कापडाशिवाय काही कापायचं नाही." तिने ते तंतोतंत पाळलं. दोरा तोडायलासुद्धा वेगळी कात्री! मग मला तोरा असणारच की.

एक दिवस देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या महानगरातून बोलावणं आलं. कोटांच्या मोठ्या कारखान्यात कापणाऱ्याची जागा होती. "काम बघून ठेवेन, बोलणं ऐकून नाही," तिथला मास्तर फोनवर म्हणाला. तेवढ्या भरवशावर हिने शिवणाचं दुकान मोडलं, नवऱ्याने नोकरी सोडली, भाड्याचं घर रिकामं केलं. आता परतायचं म्हटलं तरी कुठे परतणार?

नवरा देवमाणूस हो, पण घाईचा. मालकीण शेजारी निरोप घ्यायला गेली आणि याला खोक्यांच्या चिकटपट्ट्या कापायला काही सापडेना. उचललं मला! पट्ट्या कापल्या, सुतळी कापली, एक खोकं मोठं झालं म्हणून पुठ्ठासुद्धा कापला. पुठ्ठ्यात लोखंडी पिन होती. कट्ट! माझ्या पात्याच्या मधोमध खाच पडली. मी जिवाच्या आकांताने ओरडले, पण आमचं ऐकतंय कोण? त्याने मला घाईघाईने पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि "झालं बुवा एकदाचं" म्हणत हात झटकले.

प्रवासभर मी पिशवीत, तिच्या मांडीवर. ती फडक्यावरून हात फिरवायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अगं, एकदा उघड, एकदा बघ! पण ती खिडकीबाहेर बघत बसली होती. त्यात गाडीला उशीर. उतरलो ते सामानासकट थेट कारखान्यातच गेलो.

मास्तरने टेबलावर लोकरी कापड पसरलं. "कोटाची पाठ. तुकडा एकच आहे, सांभाळून." मशीनवरची माणसं हात थांबवून बघायला लागली. नवरा दारात, खोक्यांच्या पहाऱ्यावर.

तिने मला हवेत एकदा उघडून मिटलं. मी मध्येच अडखळले. तिने पात्यावरून अंगठा फिरवला, तो खाचेला लागला. पात्याला चिकटपट्टीचा कपटाही राहिला होता. तिने दाराकडे पाहिलं. मग मला खडूच्या रेघेवर टेकवलं.

लांब टप्पे टाकत जाणं ही आमची ऐट. त्या दिवशी मात्र तिने खाचेच्या अलीकडचंच पातं वापरलं. इवले इवले घास, तेही श्वास रोखून. मीही अंग चोरून चालले. शेवटच्या वळणावर घात झाला. खाच कापडात अडकली आणि एक धागा ओढला गेला.

मास्तरचं बोट कडेवरून फिरत आलं आणि नेमकं तिथे थांबलं. "हे काय?"

"हात थरथरला," मालकीण म्हणाली.

"थरथरत्या हातात मी कापड देत नाही, बाई."

अगं, सांग ना, कात्री खराब आहे म्हणून! पण ही मान खाली घालून मला गुंडाळायला लागली.

"तिचा हात नाही थरथरला." दारातून नवरा बोलला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी त्या कात्रीने खोकी कापली."

मास्तरने मला उजेडात धरून खाच पाहिली. मग कापडाची कड पहिल्यापासून पुन्हा पाहिली. "हे तुम्ही असल्या कात्रीने कापलंत?" त्याने मला तिच्या डाव्या हातात दिलं. "उद्यापासून या. यांना मात्र बाहेरच ठेवा."

रस्त्यावर येऊन ती नवऱ्याला जे जे बोलली, ते इथे सांगण्यासारखं नाही. भर फूटपाथवर, खोक्यांशेजारी उभं राहून, अगदी घसा बसेपर्यंत. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "आत माझं नाव का नाही घेतलंस?"

"एवढ्या मोठ्या गावात तुमच्याशिवाय माझं आहे कोण? चार परक्या माणसांत तुम्हाला खाली बघायला लावू?" ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

पुढे माझी खाच घासून काढली. पातं बारीक झालं, आयुष्यही थोडं घटलं असेल. पण तिचं ते बोलणं ऐकल्यावर मला नवऱ्याचा राग धरता येईना. तरी बाबांनो, दुसऱ्याच्या हत्याराला हात लावण्याआधी विचारत जा. माझी मालकीण होती, म्हणून निभावलं.