पोचल्याचा फोन

शेजारच्या सखूबाईने कोपऱ्यातला झाडू उचलला, तसा काशीराम खुर्चीतून उठला आणि त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला.

“रावदे, सखूबाय.”

“अरे भाऊ, आता मानसं येतील. अख्खा सुकापूर येल. खाटेखाली बग, टरफलं तशीच हायत.”

“त्याचा फोन नाय आला अजून. पोचल्याचा.”

सखूबाईने पदर तोंडाला लावला. तासाभरापूर्वीच फौजेचे दोन साहेब याच खोलीत बसून, तुमचा मुलगा कुमार सीमेवर कामी आला, असं सांगून गेले होते.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडायचं नाही, हा कुमारच्या आईचा, दमयंतीचा नेम. ती वारल्यावरही बापलेकांनी तो मोडला नाही. लढाई सुरू झाली आणि रजा अर्धी टाकून कुमारला निघावं लागलं. पनवेलला गाडी पकडायच्या आधी तो खाटेवर बसून शेंगा खात होता. टरफलं मुद्दाम खाली टाकत होता.

“आता बसा यात, मी पोचेपर्यंत,” तो हसत म्हणाला होता.

मग माणसं आली, गेली. सखूबाईने अंगण झाडलं, आत हात लावला नाही.

तेराव्यानंतर कुमारच्या तुकडीतला हृतिक आला. सांगलीकडचा पोरगा, उजवा हात गळ्यात बांधलेला. काशीरामने चहा पुढे ठेवला आणि एवढंच विचारलं,

“तो पोचला होता का रे?”

“पोचला होता, काका. पाठीवरची बॅगपण उतरली नव्हती, तोच तोफा सुरू झाल्या. मी उघड्यावर पडलेलो. त्यानं मला ओढत बंकरात आणलं. अजून एकजण बाहेर होता. मी म्हटलं, थांब. तर म्हणतो, बाबांना फोन लाव, पोचलो म्हणून सांग. नाहीतर म्हातारा घर झाडायचा नाही.”

हृतिकने कप बाजूला सारला.

“त्या दुसऱ्याला त्यानं आत ढकललं. तो वाचला. कुमारच तेवढा बाहेर राहिला. फोन मी लावला नाही, काका. काय सांगणार होतो?”

काशीरामने त्याच्या धड हातावर हात ठेवला.

“आता सांगितलंस ना. चहा घे, निवतोय.”

हृतिकला रिक्षात बसवून तो घरात आला. दमयंतीच्या फोटोसमोर उभा राहिला.

“पोचला गो.”

मग त्याने झाडू घेतला, खाटेपाशी वाकला. कुमारने टाकलेल्या टरफलांकडे बघत बराच वेळ तसाच वाकून राहिला. झाडू पुन्हा कोपऱ्यात ठेवला.

खाटेखालचा केर अजून काढायचा आहे.