टिलबरीची झाकलेली पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. नेब्रास्कातल्या एका चिमुकल्या रेल्वे स्टेशनवर उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गावाचे नाव सांगते: टिलबरी. मित्रांनो, काम एवढेच, पण माझा तोरा मात्र मोठा!

स्टेशनमास्तर ऑरविल हॅस्किन्स दर वसंतात मला पांढरा रंग द्यायचा आणि अक्षरे काळ्या रंगाने गिरवायचा. एका वर्षी मात्र तो रंगाचा डबा घेऊन नुसताच बसून राहिला. रेल्वे कंपनीने ठरवले होते, की हिवाळ्यापासून टिलबरीला गाडी थांबणार नाही. मग दुधाचे कॅन शहरात जाणार कसे? आणि मला वाचणार तरी कोण?

तेवढ्यात खबर आली. राष्ट्राध्यक्षपदाचा एक उमेदवार खास गाडीने देशभर मते मागत फिरत होता. गाडी थांबली, की शेवटच्या डब्याच्या सज्जात उभा राहून भाषण ठोकायचा आणि पुढे निघायचा. इंजिनात पाणी भरायला ती गाडी आमच्याकडेही थांबणार होती.

"त्याच्या तोंडून एकदा टिलबरी निघू दे," हिल्माकाकू म्हणाल्या. त्यांचा अ‍ॅपल पाय, म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, गावात नावाजलेला. "गाडीत पेपरवाले असतात. नाव छापून आलं की बघू कंपनी काय करते ते!"

गावाने स्टेशन नटवले. झेंडे लावले, फुले बांधली, आणि उत्साहाच्या भरात सगळ्यात मोठी पताका नेमकी माझ्या तोंडावरच ताणली. मी आतल्या आत ओरडत होते, पण पाटीचे कोण ऐकतो?

गाडी आली. उमेदवाराने टोपी उंचावली, गावाच्या नावासाठी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि बेधडक म्हणाला, "ग्रॅडीच्या माझ्या लाडक्या बंधुभगिनींनो!"

ग्रॅडी म्हणजे शेजारचे गाव, बेसबॉलमधले आमचे हाडवैरी.

"अहो साहेब, ग्रॅडी मागं गेलं! डुलकी लागली होती का?" हिल्माकाकू कडाडल्या.

"काकू, हळू! पाहुणे आहेत ते," ऑरविल कुजबुजला.

"असू देत की! पाहुण्याला आपण कुणाच्या दारात उभे आहोत, हे तरी कळायला नको?"

काकू बाकावर चढल्या आणि हातातल्या अ‍ॅपल पाय कापायच्या सुरीने त्यांनी पताका टरकावली. मला मोकळा श्वास मिळाला. तोवर शिट्टी झाली, गाडी हलली. उमेदवार आधी लालबुंद झाला, मग पोट धरून हसला आणि दिसेनासा होईपर्यंत "टिलबरी! टिलबरी!" ओरडत राहिला.

त्याने नाव बरोबर घेतले असते, तर पेपरात कोपऱ्यात एखादी ओळ आली असती. चुकला म्हणून पहिल्या पानावर बातमी झळकली! देशभर लोक हसले आणि सुरीवाल्या काकूंचे गाव बघायला येऊ लागले. तिकिटे खपताना पाहून कंपनीने मुकाट्याने थांबा चालू ठेवला. उमेदवार बिचारा निवडणुकीत पडला. टिलबरीने मात्र त्याला भरभरून मते दिली.

आता ऑरविल नाही. माझा रंग उडाला आहे, अक्षरे जवळ आल्याशिवाय लागत नाहीत. मित्रांनो, पुन्हा निवडणूक आली आहे. पताका जरूर लावा, पण आधी माझ्यावर रंगाचा एक हात फिरवा. चुकीतून भले झाले, ते एकदाच. पुन्हा कुणी आम्हाला ग्रॅडी म्हणाले, तर बाकावर चढायला आता हिल्माकाकू नाहीत.