सभासद क्रमांक चार

माझ्यात आता कुणी फारसं काही ठेवत नाही, माझ्यावर बसतात. मित्रांनो, मी एक म्हातारी शीतपेटी. मूळचा रंग निळा होता असं म्हणतात. शिवाय मी औषध दुकानदारांच्या एका संघटनेची रीतसर सभासद आहे. एवढा मान आमच्या घराण्यात आजवर कुणाला मिळालेला नाही. माझी सख्खी बहीण आयुष्यभर बिअर सांभाळत बसली.

मेलबर्नजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दोन भिंतींच्या मधे फेस भरला, वर कडी बसवली, झालं बालपण. मला विकत घेतलं ते डून क्रीकच्या एका कोळंबीवेड्या गृहस्थाने. त्याचा मुलगा स्टॅव शिकून औषधतज्ज्ञ झाला, गावात दुकान काढलं आणि बापाकडून मला मागून घेतलं. त्याने मला इतकं घासलं, इतकं घासलं, की कोळंबीचा वासच काय, कंपनीचं नावही निघून गेलं. तेव्हापासून माझ्या पोटात इन्सुलिन आणि लसी राहू लागल्या.

आमच्या गव्हाच्या पट्ट्यात गावागणिक औषधाचं एकच दुकान आणि दुकानात औषधतज्ज्ञ एकच, तोच मालक. डून क्रीकला स्टॅव, टॅनर्स वेलला लिनेट, समुद्राकडे सॉल्ट ब्लफला थुई. एकाकडचं औषध संपलं की तो दुसऱ्याला फोन करी. मग अर्ध्या वाटेवर, निलगिरीखालच्या थांब्यावर, दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहत आणि मी या गाडीतून त्या गाडीत जाई. कडक उन्हात माझ्या पोटातली लस एकदाही तापली नाही. दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी माझ्या झाकणावर थाप मारून मला शाबासकी दिली होती. ती थाप अजून तिथे आहे, खड्ड्याच्या रूपात.

पुढे नवी पेटी आली. तिला तापमान दाखवणारा काटा आहे, आणि काही बिघडलं की ती ओरडते. मी कधी ओरडले नाही, हाच माझा दोष ठरला. माझी रवानगी स्टॅवच्या पडवीत, पाण्याच्या नळीशेजारी झाली. तिथे मी बरीच वर्षं काढली. नळीशी माझं फारसं जमलं नाही.

मग तिघांनी संघटना काढायचं ठरवलं. एकट्या दुकानाला घाऊक व्यापारी विचारत नाहीत, तिघं मिळून मागणी नोंदवली तर विचारतात. संघटनेची नियमावली थुईने शहरातल्या कुठल्याशा मंडळाकडून जशीच्या तशी आणली. थुई कायद्याची पक्की. पहिल्याच सभेत, त्याच निलगिरीखाली, तिने वाचून दाखवलं की चार सभासद हजर असल्याशिवाय सभा भरत नाही.

"आपण तिघंच आहोत," लिनेट म्हणाली.

"ही पेटी धर चौथी," स्टॅव म्हणाला. बसायला म्हणून त्याने मला आणलं होतं.

"ती मत कसं देणार?"

"गप्प राहिली तर होकार."

"तुझ्यापेक्षा विचार करूनच देईल," लिनेट म्हणाली, आणि मी बिनविरोध निवडून आले.

मित्रांनो, मी पुष्कळ ठरावांना पाठिंबा दिला. सगळ्यांनाच दिला. पण एका बुधवारची सभा मी विसरणार नाही.

त्या दिवशी लिनेटने चहाचा थर्मास उघडलाच नाही. "सोमवारी सही करतेय," ती म्हणाली. "दुकान त्या साखळी-दुकानांच्या कंपनीला देऊन टाकते."

साखळीवाले तिचं दुकान घेऊन बंद करणार आणि परवाना मोठ्या शहरातल्या दुकानाला जोडणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. मग टॅनर्स वेलच्या म्हाताऱ्यांनी खोकल्याच्या औषधासाठीही तास-दीड तास गाडी हाणायची.

"झालं काय?" थुईने विचारलं.

झालं असं होतं, की शनिवारी ॲडलेडला लिनेटच्या मुलीचं, ब्रॉन्टेचं लग्न होतं. त्या दिवसापुरता येणारा बदली औषधतज्ज्ञ ऐनवेळी नाही म्हणाला. आणि कायदा असा, की औषधतज्ज्ञ हजर नसेल तर दुकान उघडायचंच नाही.

"एक दिवस बंद ठेव," स्टॅव म्हणाला.

"वडिलांच्या अंत्यविधीला ठेवलं होतं. त्याच दिवशी गावातल्या मर्व्हचा दम्याचा पंप संपला. विमानाने इस्पितळात न्यावं लागलं त्याला." ती जमिनीकडे बघत होती. "पोरीला कळवलंय, येत नाही म्हणून. ती 'बरं' म्हणाली. नुसतं 'बरं'. भांडली असती तर चाललं असतं."

मग थुईने विचारलं, "स्टॅव, शनिवारी फुटबॉलची मॅच कुठंय?"

"टॅनर्स वेलला. यांना हरवायला आमचं अख्खं गाव जाणार."

"मग तू डून क्रीकला औषध कुणाला विकणार? कुत्र्यांना?"

स्टॅव सँडविच चावायचा थांबला.

"तुझं गिऱ्हाईक तिकडे, तर तूही तिकडे जा," थुई म्हणाली. "लिनेटचं दुकान उघड. तुझ्या गावात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं शुक्रवारीच पोचवू. मी येते मदतीला."

"त्यांच्या संघाचे लाल मफलर टांगलेल्या दुकानात बसू मी? मॅचच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

"काही नको," लिनेट म्हणाली. "माझं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?"

"ठराव मांडते," थुईने हात वर केला. "लिनेटने लग्नाला जावं."

"विरोध," लिनेट म्हणाली.

स्टॅव माझ्यावरच बसला होता. तो जड माणूस आहे. त्याने सँडविच संपवलं, बोटं पुसली आणि खाली वाकून माझ्याकडे पाहिलं.

"ही गप्प आहे," तो म्हणाला. "म्हणजे होकार तिघांचे झाले."

"तिघं कोण?"

"मला धरून मोज ना, बाई."

लिनेटने थर्मास उघडला. बराच वेळ ती तोंड फिरवून चहा ओतत होती, कप भरून वाहिला तरी.

शनिवारी स्टॅव मला घेऊन टॅनर्स वेलच्या दुकानात गेला. पोटात त्याचा डबा होता, पण मी गेले ते सभासद म्हणून. पहिलंच गिऱ्हाईक मर्व्ह.

"लिनेट कुठंय?"

"लग्नाला."

"कुणाच्या?"

"पोरीच्या."

मर्व्हने दम्याचे दोन पंप घेऊन खिशात टाकले. "गेली एकदाची. पण तू इथं बसलास म्हणून आम्ही मॅच सोडणार नाही, सांगून ठेवतो." सोडली नाहीच. डून क्रीक सपाटून हरलं, आणि स्टॅवने आपल्याच गावाला दिवसभर डोकेदुखीच्या गोळ्या विकल्या.

दुपारी फोन वाजला. मागे बँड वाजत होता.

"सगळं ठीक ना?" लिनेटने विचारलं.

"ठीक."

"कुणाला काही झालं नाही ना?"

"काही नाही झालं, लिनेट."

ती फोन ठेवेना. मग एक तरुण आवाज आला, "आई, फोटो काढतायत, ये की." आणि फोन बंद झाला.

सोमवारी साखळीवाल्यांचा माणूस टॅनर्स वेलला येऊन गेला. तो निघून गेल्यावर लिनेटने सभा बोलावली. "मला वाटत होतं मी दमलेय," ती म्हणाली. "दमले नव्हते. अडकले होते." दुकान तिचंच राहिलं. आता थुईला दहा दिवस आईकडे जायचंय, तिचा ठराव आला आहे.

मित्रांनो, म्हाताऱ्या पेटीची तुम्हाला एकच विनंती. तुमच्या गावातही औषधाचं एखादं छोटं दुकान असेल. तिथली बाई तुमचा खोकला, तुमच्या आजीचं ब्लडप्रेशर, सगळं लक्षात ठेवते. पुढच्या खेपेला औषध घेताना तिला विचारा, शेवटची सुट्टी कधी घेतली होती? ती हसून विषय बदलेल. बदलू देऊ नका.