तीर्थ घेतलेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या वाटेवर आमची वाडी आहे. तिथून माणसे, भाताची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि लग्नाची भांडी घेऊन महाडच्या बाजाराला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे, हे माझे काम. जन्म माझा कारखान्यात झाला, पण वळण लावले ते रावजींनी. हे सांगताना पूर्वी मी ताठ उभी राहत असे. हल्ली स्टँडवर मला कोपऱ्यातली जागा बरी वाटते.

रावजी माझे पहिले चालक. घाटात समोरून एस.टी. आली की आधी तेच बाजू देत. "आपल्याला घाई नाय, तिला टायम गाठायचा हाय," असे म्हणत. गावात त्यांचा मान वेगळाच. देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालतात ते रावजीच. कुणाचे काही बिघडले की रावजी देवासमोर उभे राहतात, आधी त्या माणसाची चूक मोकळेपणी सांगतात आणि मग त्याच्यासाठी मागणे मागतात. चूक लपवून घातलेले गाऱ्हाणे देवाला पोचत नाही, असे आमच्याकडे मानतात. म्हणून रावजींच्या तोंडून निघालेला शब्द वाडीत कुणी पारखून घेत नाही.

गुडघे धरले तेव्हा त्यांनी मला मुलाच्या, भरतच्या हाती दिले. स्वतः बाजूच्या सीटवर बसू लागले. भरत हाताचा चांगला, स्वभावाने दिलदार. माझे बोनेट तो स्वतःच्या शर्टाच्या बाहीने पुसायचा आणि मग घरी बायकोची, वैशालीची, बोलणी खायचा. त्याच्याविषयी मला तक्रार नव्हती. म्हणून तर पुढचे सांगायला जड जाते.

दरवर्षी माझ्या नावाने राखण देतात. गावाच्या सीमेवरच्या राखणदाराला नारळ, कोंबडा आणि दारूची बाटली ठेवायची, आणि गाडी व गाडीतली माणसे सांभाळ म्हणून सांगायचे. देवापुढे ठेवलेल्या त्या दारूला मग कुणी दारू म्हणत नाही. ती तीर्थ होते. रावजी त्यात बोट बुडवून कपाळाला लावत. यंदा भरतने ते पोटाला लावले. वर "तीर्थाला नाय म्हणू नये" असेही म्हणाला आणि सगळे हसले. खरे सांगू, मीही मनातल्या मनात हसले. राखण माझ्यासाठीच होती ना!

त्याच संध्याकाळी पोलादपूरची खेप होती. उतारावर भरतचा हात सैल पडू लागला. एका वळणावर माझे चाक रस्ता सोडून चरात गेले आणि आतली माणसे एकमेकांवर आदळली. कुणाला लागले नाही. पण शेजारच्या वाडीच्या ठकूबाई आपली टोपली डोक्यावर घेऊन खाली उतरल्या आणि चालू लागल्या. त्यांच्यामागून सगळेच उतरले. इतक्या वर्षांत माझ्यातून उतरून कुणी पायी गेले नव्हते. मित्रांनो, मला तेव्हाच बंद पडता आले असते तर किती बरे झाले असते.

बाप-लेक तेवढे आत उरले. पुढे नाक्यावर पोलिसांनी थांबवले आणि भरतला यंत्रात फुंकर मारायला लावली. भरत छाती काढून म्हणाला, "साहेब, दारू नाय प्यायलो. तीर्थ घेतलंय."

"किती तीर्थ?" पोलिसाने शांतपणे विचारले.

"दोन गिलास."

एवढे बोलून आपण सुटलो, असे त्याला वाटले होते. पोलिसांनी ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतले. मला ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत उभे केले. सुटून आले तेव्हा स्टँडवर माझे बारसे झालेले होते. तीर्थ घेतलेली जीप! मी बापडी डिझेलशिवाय कशाला तोंड लावत नाही, पण सांगणार कुणाला?

मग वकिलाचा शोध सुरू झाला. स्टँडवर सगळ्यांनी एकच नाव घेतले. त्यांना लोक सुटका वकीलच म्हणतात. ते महाडच्या कोर्टाबाहेर माझ्या खिडकीला टेकून बोलले. रावजींचे लायसन अजून चालू आहे, हे कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला. संध्याकाळची वेळ होती, गाडीत दोघेच होते, मग गाडी वडील चालवत होते असे म्हटले की झाले. पोरगा प्यायलेला असेना का, बाजूला बसून पिणे हा काही गाडी चालवण्याचा गुन्हा नाही. आणि रावजींच्या शब्दावर वाडीत कोण शंका घेणार, असेही ते म्हणाले. रावजी म्हणाले, "पोराचं लायसन वाचत असंल तर बोलतो." भरतने मान खाली घातली, पण नको म्हणाला नाही. मला त्याची लाज वाटली, आणि त्याला पाठीवर घेऊन फिरणारी म्हणून माझीही.

वैशालीने मात्र हट्टाने दुसरे दार दाखवले. तिच्या बहिणीचे काम सादिया वकीलबाईंनी केले होते. त्यांचे ऑफिस महाडच्या बाजारपेठेत, वरच्या मजल्यावर, आणि रावजींना जिना चढवेना, म्हणून बाई स्वतः खाली येऊन माझ्यात बसल्या. सगळे कागद वाचले. भरतने एकच विचारले, सुटेन का?

"नाही," त्या म्हणाल्या. "यंत्रात आलंय आणि वर तुम्ही तोंडानंही सांगितलंय. पहिलाच गुन्हा आहे, शिक्षा कमी व्हावी म्हणून मी भांडेन. पण कोर्टात तुम्ही बोलायचं. वडील नाही."

असला वकील काय कामाचा, असे भरत परतीच्या वाटेवर बडबडत होता. गाडी रावजी चालवत होते.

तारखेच्या सकाळी आम्ही कोर्टाबाहेर आलो. भरतने शेवटी सुटका वकिलांनाच धरले होते; त्यांच्या वकीलपत्रावर तेवढी सही व्हायची होती. त्यांनी रावजींकडून वाक्य म्हणवून घेतले, अडखळू नका म्हणून बजावले आणि चहाला गेले. रावजी स्टिअरिंगवर हात ठेवून एकटेच घोकत बसले. "गाडी मी चालवत होतो. पोरगा बाजूला बसला होता." आधी जीभ अडकली. मग नीट जमले. आणि मग, मित्रांनो, त्यांनी तेच वाक्य गाऱ्हाण्याच्या आवाजात म्हटले. तोच संथ, भरलेला आवाज, ज्याच्यापुढे अख्खी वाडी हात जोडून उभी राहते. माझ्या काचा थरथरल्या.

मागे बसलेला भरत ताडकन पुढे झुकला. "बाबा, या आवाजात नका बोलू."

"मग कंच्या आवाजात बोलू रे?" रावजी म्हणाले. "माझ्याकडं एकच हाय."

भरत उतरला. कोर्टाच्या दाराकडे न जाता तो चालत बाजारपेठेकडे गेला आणि सादियाबाईंना घेऊन आला. आत काय झाले ते मला बाहेरून दिसले नाही. दंड झाला आणि लायसन काही महिन्यांसाठी गेले, एवढे परत येताना कळले.

पोलादपूरच्या स्टँडवर ठकूबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. मला पाहून त्या दोन पावले मागे सरल्या. मग रावजींना चालकाच्या जागी बघून त्यांनाच विचारले, आज गाडीवर तू कसा रे? तेवढ्या लोकांसमोर भरतने बाजूच्या सीटवरून उत्तर दिले, "मावशे, दारू पिऊन गाडी चालवली मी. तीर्थ नव्हतं ते, दारूच होती. लायसन गेलं माझं." स्टँडवर कुणी हसले नाही. ठकूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले, टोपली आत सरकवली आणि चढून बसल्या.

मित्रांनो, माझी लाज अजून गेलेली नाही, आणि इतक्यात जाऊही नये. पण माझे एवढे ऐका. चालवणारा प्यायलेला असला तरी आम्ही गाड्या मुकाट्याने निघतो, वळवेल तिकडे वळतो. आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्ही आमच्यात बसता, तुम्हाला तोंड आहे. चालवणारा तुमचा बाप असो, काका असो, की देवाचा माणूस असो, गाडी सुरू व्हायच्या आधी नाही म्हणा.